घरकामाला येणाऱ्या बाईवर कथा लिहिते आहे. आपल्या दाराबाहेरचं तिचं आयुष्य कुणी सांगेल का?

पानगळ:
दिवाळी अंकासाठी कथा लिहिते आहे. नायिका बीड जिल्ह्यातून पुण्यात आलेली, कोथरूडमध्ये धुणीभांडी करणारी. माझी अडचण अशी की ती घरात आली की मला दिसते आणि चपला घालून निघाली की दिसेनाशी होते. मग मी तिला एक दारुडा नवरा देते, मारहाण देते, आणि सगळं आधी शंभरदा वाचल्यासारखं होतं. हे आयुष्य जवळून पाहिलेल्यांनी सांगा, अशी बाई काय लपवते? कुणापासून लपवते?

आष्टीकर:
माझी आई २००३ च्या दुष्काळात आष्टी तालुक्यातून पुण्याला आली. आमच्याकडच्या बाया दसरा-दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक कोयता, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडता फेडता उन्हाळा उजाडतो. आईला लेकरं घेऊन फडावर राहायचं नव्हतं. सुतारदऱ्यात लांबच्या चुलतीने खोली बघून दिली, पहिलं कामही तिनेच धरून दिलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरापुरतं देते. आईने मालकिणींपासून फार काही लपवलं नाही, त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. तिने लपवलं ते आमच्यापासून.

घरी तिने चार कामं सांगितली होती. होती पाच. पाचवं काम एकट्या राहणाऱ्या एका आजींकडचं, दुपारचं. तिथला पगार ती घरी आणायचीच नाही. आजी तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या आणि कॅलेंडरच्या पानामागे दुधाच्या हिशेबाखाली तारीख घालून मांडायच्या. कारण साधं होतं. वडिलांच्या हातात पैसा आला की तो गावी जायचा. काकाने विहीर खणली होती, पाणी लागलं नव्हतं, आणि कर्जावर सही वडिलांचीही होती. माणूस वाईट नव्हता. रंगकामाला जायचे, स्वतःवर खर्च म्हणून काही करायचे नाहीत. पण विहीर आधी आणि माझी अकरावीची फी नंतर, असा त्यांचा हिशेब होता. आईचा उलटा होता, आणि तो बोलून दाखवण्यापेक्षा तिने आणखी एक घर धरलं. मला वाटायचं माझी फी कुठल्यातरी संस्थेकडून येते. तसंच सांगितलं होतं.

आजी अचानक गेल्या. दिवस होईपर्यंत आई रोज तिथे ढीगभर भांडी घासत होती आणि डबा समोरच्या फडताळात होता. तोंड उघडायची सोय नव्हती. पैसे माझे आहेत म्हणणाऱ्या कामवाल्या बाईकडे लोक कसे बघतात ते तिला ठाऊक होतं. नंतर आवराआवर करताना आजींच्या मुलाला कॅलेंडर सापडलं. सज्जन माणूस. पत्ता विचारत तो डबा घेऊन थेट वस्तीत आमच्या खोलीवर आला आणि वडिलांसमोर एकेक नोट मोजून दिली.

त्यातले निम्मे त्याच आठवड्यात गावी गेले. वडील रागावले नाहीत, ओरडले नाहीत. कित्येक महिने फक्त जेवायला वाढ म्हणण्यापुरते बोलले. तुमच्या कथेत मारहाण घालण्याआधी ही शांतता लिहून बघा. आईने दिवाळीच्या आत आणखी एक काम धरलं. तेही घरी सांगितलं नाही.

आणि ती पाहते किती ते लिहा. सकाळी सिंकमध्ये ताटं किती पडलीत यावरून रात्री घरात कोण जेवलं नाही हे आईला कळायचं. कुणाचा घटस्फोट होणार हे तिला त्या घरातल्या सासूच्या आधी माहीत होतं. यातलं एक अक्षर ती दुसऱ्या घरी बोलली नाही. त्या भरवशावर तर कामं टिकतात.

चळवळीतली:
मी घरकामगारांच्या संघटनेत काम करते. वरचं वाचून एक प्रसंग सुचवते. २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. वय १८ ते ६० असेल तर नोंदणी होते, पण त्यासाठी बाई आमच्याकडे काम करते असं काम देणाऱ्या घराने लिहून द्यावं लागतं. बाई फॉर्म घेऊन पाच घरांत फिरते. एक जण म्हणते, आमचे हे आल्यावर बघू. दुसरी म्हणते, उद्या तू कोर्टात गेलीस तर? २०२१ च्या कोरोनाच्या निर्बंधांत सरकारने घरेलू कामगारांना १५०० रुपये जाहीर केले, ते नोंदणी असलेल्यांनाच. एक सही नाही म्हणून हात हलवत परतलेल्या बायांची कथा कुणीतरी लिहायला हवी.

दुसरं, बदली. गावाला जायचं तर आपल्या जागी कुणाला तरी द्यावं लागतं. नणंदेला द्यावं, तर ती काम चांगलं करेल आणि तिथेच राहील. वाईट करेल तर काम जाईल. चार दिवसांच्या जत्रेमागे एवढा घोर असतो.

आणि कृपा करून तिला सोशीक करू नका. याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. कोथरूडच्या वाटेवरच्या कर्वे रोडवरच्या बायका त्यात होत्या.

पानगळ:
@आष्टीकर, डब्याची गोष्ट वाचून माझा सगळा मसुदा बाजूला ठेवला. ती मी वापरू शकते का? तुम्ही नाही म्हणालात तर एक ओळही घेणार नाही.

आष्टीकर:
गोष्ट आईची आहे, म्हणून काल फोनवर तिलाच विचारलं. आधी म्हणाली, असल्या गोष्टी कोण वाचतंय. मग म्हणाली, "लिही म्हणावं. पण आजींचं आडनाव नको, त्यांच्या लेकाला वाईट वाटंल. आणि तुझ्या बापाला पेताड दाखवू नको म्हणावं. त्यांनी जल्मात थेंब घेतला नाही."

या दोन अटी पाळा आणि खुशाल लिहा. अंक आला की इथे कळवा, मी तिला वाचून दाखवेन.