मदत हवी आहे: शेंदुर्णी स्टेशनचं मॉडेल

राम राम मंडळी. पाचोरा-जामनेर छोट्या लाईनवरचं शेंदुर्णी स्टेशन बनवतोय, 4 बाय 2 फुटांच्या प्लायवर. मामाचं गाव तिथलंच, गाडीची शिट्टी ऐकू आली की आजी म्हणायची, "चला, भाकरी टाकते."

लाईन अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. 1:87 स्केलला, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान केलं की, ते पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणून एन गेजचा (मॉडेल रेल्वेचं एक ठरलेलं छोटं माप) 9 मिलिमीटरचा रूळ घेतला. डबे पुठ्ठ्याचे, खाली एन गेजचीच चाकं. इथपर्यंत जमलं.

अडलंय मातीत. शेतातली खरी काळी माती वस्त्रगाळ करून पातळ गोंदात कालवून पसरली. दोन दिवसांत अशी भेगाळली की रुळाचा एक सांधाच उचलला गेला. काळ्या मातीनं मे महिन्यात जे करायचं तेच केलं म्हणा! भुसा रंगवून वापरू की मातीतच काही मिसळू?

आणि केळी. आठ फुटी केळ इथे जेमतेम 28 मिलिमीटरची होते. कागदाची पानं मधल्या शिरेवर मोडतात, वाऱ्यानं फाटल्यासारखी दिसत नाहीत. कोणी केलीय का?

स्टेशनचे जुने फोटो असतील तर तेही टाका, तिकीट खिडकीच्या बाजूचे खासकरून. खिडकी डावीकडे होती की उजवीकडे, यावरून मामाशी भांडण चालू आहे.