मदत हवी आहे: पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक

मंडळी, माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचं चांदीचं पदक सापडलंय, कडेला इंग्रजीत ११७ मराठा एवढंच लागतंय, त्यांचा शिपाई नंबर पार झिजलाय (आजी चिंचेने घासायची बहुतेक!). ही पलटण तुर्कांनी इराकमधल्या कूत शहराला घातलेल्या वेढ्यात अडकली होती, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, शेवटी घोड्याचं मांस खायची पाळी आली आणि शरण गेल्यावर कैद्यांना वाळवंटातून पायी चालवत नेलं. आजी म्हणायची मामंजी ताटातला भाकरीचा चुरासुद्धा बोटाने टिपून खायचे, बाकी लढाईबद्दल अवाक्षर नाही. तर नंबर नसताना नुसत्या नाव-गावावरून युद्धकैद्यांची यादी किंवा सर्व्हिस रेकॉर्ड कुठे मिळेल, बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र टाकू की थेट दिल्लीला अभिलेखागारात जाऊ? कुणी केलंय का हे? आणि झिजलेली अक्षरं वाचायची काही ट्रिक असेल तर तीपण सांगा प्लीज.