ट्रॅक डेसाठी जुनी स्विफ्ट : आधी काय बदलावे?

प्रश्न
मी सोलापूरचा. माझी जुनी पेट्रोल स्विफ्ट चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवर हौशी चालकांच्या ट्रॅक डेला (आपली गाडी रेसिंग ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसाला) न्यायची आहे. खर्च बेताचा आहे; एक्झॉस्ट आणि एअर फिल्टर आधी बदलावेत काय?

उत्तर १
इंजिनाला हात लावू नका. पहिला पैसा ब्रेकवर घाला. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे नव्या डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असला, तरी ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि सलग जोरदार ब्रेक लावताना त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट तळाला जाते. ताजे डॉट ४ (किमान २३० अंश) भरून घ्या, लाइनमधली हवा पूर्ण काढा आणि जास्त तापमान सोसणारे पॅड बसवा.

उत्तर २
सहमत. टायरमधील दाब काही फेऱ्यांनंतर, टायर गरम असतानाच पुन्हा मोजून वाढलेली हवा कमी करावी आणि परतीच्या प्रवासापूर्वी ती पूर्ववत भरावी. स्टेपनी, जॅक व मॅट पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबवण्याच्या जागेत) काढून ठेवा.

उत्तर ३
एक्झॉस्टविषयी : गाडी रस्त्यानेच न्यायची असेल, तर गाडीत केलेल्या बदलांवर बंधने घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे. त्या पैशांत चांगले फुल-फेस हेल्मेट घ्या.