सिनेमांच्या आधीपासूनचा स्पायडरमॅन

सिनेमे आले म्हणून स्पायडरमॅन एवढा टिकला असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं, १९६२ पासून तो कॉमिक्समध्येच घट्ट पाय रोवून होता की. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ कॉमिकचा १९६६ चा ३३ वा अंक बघा, अवजड यंत्राखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय, त्याला वाढवणाऱ्या मे काकूचं औषध समोरच पण हाताच्या जरा पलीकडे, आणि पानामागून पान तो नुसता जोर लावतोय. चित्रकार स्टीव्ह डिटकोने चौकटी मोठ्या करत नेल्यात, शेवटी यंत्र उचलतो तेव्हा अख्खं पान त्याचं! अजून काटा येतो अंगावर.

आणि तो मास्क, चेहरा पूर्ण झाकलेला, म्हणजे आत कुणीही असू शकतं, वाचणारं पोरगंसुद्धा. बॅटमॅनची हनुवटी तरी दिसते, सुपरमॅनचा तर सगळा चेहराच.