निळं रक्त म्हणजे फसलेला प्रयोग? कोण म्हणतं!

चिमटेवाला
काल 'तांबडं_ते_उत्तम' यांनी ठोकून दिलं: "संधिपादांचं (खेकडे, विंचू, कीटक वगैरेंचं) निळं रक्त ही हिमोग्लोबिनची कच्ची नक्कल. तांब्याचा प्रयोग फसला म्हणून कीटकांनी तो टाकला." त्यावर टाळ्यांचा पाऊस! राहवलं नाही, म्हणून हा धागा.

नक्कल कुणाची? निळ्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं तांब्याचं प्रथिन, हिमोसायनिन, त्या घराण्यातलंच नाही. ते आलं फिनॉलऑक्सिडेजकडून, म्हणजे कवच कडक करणाऱ्या, जखमेवर काळी खपली धरवणाऱ्या विकराकडून. दोघांचा गाभा एकच: तांब्याचे दोन अणू, प्रत्येकाला धरून तीन हिस्टिडीन (एक अमिनो आम्ल), मधे ऑक्सिजन. विकर तो ऑक्सिजन दुसऱ्या रेणूवर लादतं. हिमोसायनिनमध्ये त्या रेणूची आत यायची वाट झाकली गेली आणि उरला नुसता हमाल. कोळी-विंचवांत वेगळं फिनॉलऑक्सिडेज सापडलेलंच नाही. त्यांचं हिमोसायनिन प्रयोगशाळेत चेतवलं की जुना धंदाही करून दाखवतं. आणि ऑक्टोपसचं निळं रक्त स्वतंत्रपणे उगवलेलं. फसलेला प्रयोग दोनदा जमला म्हणायचा!

तांबडं_ते_उत्तम
वंशावळ ऐकली, आता हिशोब ऐका. माणसाच्या १०० मिली रक्तात सुमारे २० मिली ऑक्सिजन मावतो. खेकड्याच्या? एक-दोन मिली. आणि कीटकांकडे हवा थेट पेशींपर्यंत नेणाऱ्या श्वासनलिका आहेत. हमालाला सुट्टी दिली, यात चुकलं काय?

सहस्रपाद
दोघंही गोम विसरलात. नेहमीचंच. श्वासनलिका गोमेलाही आहेत, तरी स्कुटिजेरात (लांब पायांची गोम) ३६ उपघटकांचं भलं थोरलं हिमोसायनिन आहे. ओनिकोफोरांतही (संधिपादांचे मऊ, अळीसारखे नातलग) ते २००२ साली सापडलं, तेही श्वासनलिकावाले. २००४ साली तर स्टोनफ्लायमध्ये, म्हणजे चक्क कीटकात! 'नळ्या आल्या, प्रथिन गेलं' हे गणित इतकं सोपं नाही.

जळका_विद्यार्थी
कॉलेजात तोंडी परीक्षेला मी म्हणालो होतो की कीटकांतही अपवाद असतील, कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या अळीत तर हिमोग्लोबिन असतं. "पुस्तकातलं बोल" म्हणत परीक्षकांनी मार्क कापले. समोर ट्रेमध्ये झुरळ होतं. त्याच झुरळांच्या काही जातींच्या भ्रूणांत पुढे हिमोसायनिन सापडलं! आता कुणाकडे दाद मागू?

आरोग्यं_धनसंपदा
एवढा काथ्याकूट कशाला? निळ्या रक्तातलं तांबं जंतू मारतं, म्हणून तर लशी तपासायला हॉर्सशू क्रॅबचं (विंचू-कोळ्यांच्या समुद्री नातलगाचं) रक्त काढतात.

क्यूसीतली_मी
नाही! नाही! नाही! माझी सगळी नोकरी या चाचणीत चालली आहे. रक्त फिरवून पेशी खाली बसवतात आणि निळा भाग बाजूला काढून टाकतात. अमिबोसाइट पेशी फोडून अर्क काढतात, तोच एलएएल, चाचणीचं द्रव्य. ३७ अंशांवर तासभर ठेवून नळी उलटी करायची. गोळा घट्ट राहिला तर एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं विष, आहे. तांब्याचा यात काडीचाही संबंध नाही.

आरोग्यं_धनसंपदा
एवढं ओरडायला काय झालं? रक्त त्याच प्राण्याचं ना?

क्यूसीतली_मी
केसही माझ्याच डोक्यावर आहेत, म्हणून विचार ते करतात का?

सहस्रपाद
आणि ते प्राणी पकडून रक्त काढून सोडले तरी काही मरतात, त्याचं काय? त्याच कामाचं, प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन, रिकॉम्बिनंट फॅक्टर सी, हाताशी असताना तुमचा विभाग अजून तेच जुनं करतो ना?

क्यूसीतली_मी
पद्धत बदलायची तर सगळं व्हॅलिडेशन नव्याने करावं लागतं. ते तुम्ही येऊन करणार? धाग्यावर क्रांती सोपी असते.

तांबडं_ते_उत्तम
माझ्या धाग्याचं दवाखान्यात रूपांतर केल्याबद्दल आभारी आहे. बरं, 'नक्कल' मागे घेतो. खूश? पण बहुतेक कीटकांनी ते टाकलं हे खरंच आहे.

चिमटेवाला
धागा माझा आहे. आणि टाकलं कुठे? तांबं धरणारे हिस्टिडीन गेले, प्रथिन हेक्झामेरिन होऊन राहिलं. अळी त्याचा साठा करते आणि कोषात त्यातल्या अमिनो आम्लांवर नवं शरीर बांधते.

तांबडं_ते_उत्तम
म्हणजे ऑक्सिजन वाहणं जमेना म्हणून खाऊन टाकलं. मी तरी वेगळं काय म्हणत होतो?

क्यूसीतली_मी
एलएएलचा वेगळा धागा काढते आहे. सहस्रपाद, तिकडे या.