लोकेशन घेतलं, झालं?

सियागंजकर: छप्पनवाल्यांनी काल लिहिलं, "इंदूरच्या डिलिव्हरीवाल्यांचा दिवस अभ्यासायला वेळा टिपायच्या वह्या कशाला? फोनचं लोकेशन घ्या, झालं." काय झालं, कपाळ? 30 सेकंदांना एक बिंदू घेतलात, तर ताशी 30 किमीने जाणारी गाडी तेवढ्यात 250 मीटर पुढे. सराफ्याच्या, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजाराच्या, बोळात जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, माणूस शेजारच्या गल्लीत दिसतो. बॅटरी सेव्हर लागला की नोंद बंद, नकाशावर तो दोन तास थांबलेला! आणि खरंच थांबला असेल, तरी हॉटेलात पार्सलची वाट बघतोय की झाडाखाली डबा खातोय, ते बिंदू सांगत नाही.

छप्पनवाला: मग 5 सेकंदांना बिंदू घ्या, बॅटरी सेव्हरमधून अॅप वगळा, पॉवरबँक द्या. 50 मीटरच्या घेऱ्यात 3 मिनिटं म्हणजे थांबा. वहीने तरी काय उजेड पडतो? 2019च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात अर्ध्या तासाचे रकाने होते. पार्सल उचलणं, रस्ता, जिना, सगळं एकात कोंबा. हां, दिवस पहाटे 4 ते 4 धरला ते बरं केलं. रात्री दोनला सराफ्यातून सुटणाऱ्याची पाळी मधोमध चिरत नाही.

नोंदवही: तुमच्या 3 मिनिटांत चौकातला मोठा सिग्नलही थांबा ठरेल. त्यापेक्षा सोबत जा. मागच्या सीटवर नाही, दुसऱ्या गाडीवर. थांबल्यावर दोन-चार शब्द टिपा, त्याच रात्री सविस्तर लिहा, दुसऱ्या दिवशी निम्मं उडालेलं असतं. गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जाऊ नका, संमती रायडरने दिलीय, त्याने नाही.

छप्पनवाला: सोबत कुणी असलं की पोरगं सिग्नलसुद्धा पाळतं!

पलाशियाताई: पैशांचं कुणीच बोलत नाही. जेवणाच्या गर्दीत 45 मिनिटांची मुलाखत म्हणजे त्याच्या दोन ऑर्डरी गेल्या.

सियागंजकर: पैसे दिले की उत्तरं गोड येतात.

पलाशियाताई: तुम्ही पगार घेऊन अभ्यास करता तो कडू होतो वाटतं?

सियागंजकर: ताई, पगारावर येऊ नका. मुद्दा विदा, म्हणजे डेटा, बिघडण्याचा आहे.

नोंदवही: कशाचे देता त्यावर बिघडतो. नोंदीमागे दिलेत तर रात्री बसून वही भरली जाते. सगळ्या वेळा पूर्ण नाहीतर अर्ध्या तासावर, लगेच कळतं. तासामागे द्या, मधेच सोडलं तरी झालेल्या वेळेचे द्या.

पलाशियाताई: आणि माणसं फक्त अड्ड्यावरून उचलू नका. तिथे सापडतो तो जास्त थांबणारा. ज्याला धडाधड ऑर्डरी मिळतात तो गाडीवर असतो. मग निष्कर्ष काढणार, "हे लोक बसूनच असतात."

छप्पनवाला: घरी गाठायचं तर दिवसा खोलीला कुलूप. बोला!

सियागंजकर: बरं बाबा, तासामागे द्या, गंगेत घोडं न्हालं. लोकेशनही घ्या, पण घराजवळचे बिंदू आधी पुसा, आणि संध्याकाळी नकाशा समोर ठेवून त्याला एकेक थांबा विचारा.

छप्पनवाला: म्हणजे लोकेशन घ्याच. मी काल काय म्हणत होतो, भिया?

पलाशियाताई: संध्याकाळी म्हणजे किती वाजता? सातला रात्रीची गर्दी सुरू होते. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीन ते सहामध्ये विचारा.