कडीला डाग बसत नाही, सोल्डरचा गोळा होऊन बाजूला पळतो

मणीमाळ:
नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली, मण्यांच्या माळा आणि साखळ्या करते. आजवर सगळ्या कड्या नुसत्या पकडीने मिटवत आले. गेल्या महिन्यात मैत्रिणीला दिलेली माळ तिसऱ्या दिवशी गळ्यातून खाली आली. तुटलं काहीच नव्हतं, कडीच्या केसाएवढ्या फटीतून दोरा सटकला होता. तिने हसून मणी गोळा केले, मला मात्र तेव्हाच कळलं की आता कड्या सोल्डर करायला, म्हणजे सांध्यात धातू वितळवून डाग द्यायला, शिकायलाच हवं.

पहिला प्रयोग भावाच्या रेडिओ दुरुस्तीच्या सोल्डरिंग आयर्नवर केला. डाग चिकटला, पण करडा नि ढबू. नखाने उचकटला तर पापुद्र्यासारखा निघून आला. मग छोटा गॅस टॉर्च, चांदीचं हार्ड (जास्त तापमानाला वितळणारं) सोल्डर आणि टाकणखार (बोरॅक्स) आणला. १ मिमी जाडीची स्टर्लिंग चांदीची तार ५ मिमीच्या सळईवर गुंडाळली, कटरने कड्या कापल्या, मिटवल्या, सांध्यावर सोल्डरचा तुकडा ठेवला आणि ज्योत थेट त्यावर धरली. अकरा कड्यांत दोन जमल्या. तीन वितळून गोळ्या झाल्या. उरलेल्या सहांमध्ये सोल्डरचा मणी झाला आणि कडीच्या एकाच टोकावर जाऊन बसला, सांधा तसाच उघडा.

दुसरं म्हणजे, मणी ओवून झालेल्या कडीला डाग द्यायचा कसा? आणि हौसेच्या किटमधल्या जुन्या चंदेरी कड्या लाल व्हायच्या आधीच अचानक कोसळल्या, त्या कसल्या असतील?

तारकाम:
ती रेडिओची आयर्न या कामातून कायमची बाद करा. कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, चांदीचा सांधा त्याने कधी मजबूत होणार नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याचा कण जरी चांदीवर राहिला आणि नंतर तुम्ही टॉर्च लावलात, तर तो चांदीत उतरून खड्डे पाडतो. त्या कड्या वेगळ्या डबीत टाका, चांगल्या तारेत मिसळू देऊ नका. गळ्यात घालायच्या वस्तूत शिसं नकोच, हे वेगळं सांगायला नको.

किटमधल्या कड्या बहुधा ॲल्युमिनियमच्या. हातावर घेतल्या तर फारच हलक्या लागतील. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे तुमचं सोल्डर वाहायला लागायच्या आत कडी संपली.

फुंकणीवाला:
मणीमाळ ताई, तुमची खरी चूक टॉर्च पेटवायच्या आधीच झाली आहे. मी वडिलांच्या हाताखाली हे काम शिकलो. पहिले कित्येक महिने त्यांनी मला आगीला हात लावू दिला नाही, फक्त कड्या कापायच्या आणि मिटवायच्या. मी मिटवलेली कडी ते डोळे बंद करून अंगठ्याच्या नखावरून फिरवायचे. नख अडकलं की कडी मुकाट्याने परत माझ्यासमोर. तेव्हा फार राग यायचा.

कटरने कापलेली तार नीट बघा. एक टोक सपाट निघतं, दुसरं चिमटल्यासारखं निमुळतं. सपाटाला निमुळतं भिडणार कसं? म्हणून कड्या बारीक करवतीने कापायच्या, नाहीतर दोन्ही टोकं कानशीने सपाट करायची. मिटवताना टोकं समोरासमोर दाबायची नाहीत. दोन पकडी घ्या, एक टोक पुढे, एक मागे असं आडवं हलवा, एकमेकांच्या थोडं पलीकडे नेऊन परत आणा. मग तारेतला ताणच टोकं एकमेकांवर दाबून धरतो. शेवटी कडी दिव्यासमोर धरायची. उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा. सोल्डर फट बुजवत नाही, ते चिकटून असलेल्या दोन भिंतींमध्ये शोषलं जातं. भिंतीच लांब असतील तर बिचारं एका भिंतीवर जाऊन बसतं. तुमच्या सहा कड्यांचं तेच झालं.

आता आग. सोल्डर ज्योतीच्या मागे जात नाही, गरम धातूच्या मागे जातं. तुम्ही ज्योत तुकड्यावर धरलीत, तो आधी वितळला, कडी अजून थंड, मग त्याने स्वतःलाच गोळा करून घेतलं. वर तापवत राहिलात तर त्यातलं जस्त उडून जातं आणि तो गोळा आणखी हट्टी होतो, आधीच्या तापमानाला वितळतच नाही. म्हणून ज्योत सांध्याच्या समोरच्या बाजूला सुरू करायची, गोल फिरवत दोन्ही अंगांनी सारखी सांध्याकडे आणायची. एक टोक जास्त तापलं की सोल्डर तिकडेच उडी मारणार.

टाकणखार (आमच्याकडे सवागी म्हणतात) आधी फुगतो, पॉप पॉप करून तुकड्याला ढकलून देतो. म्हणून पेस्ट लावून हलकेच गरम करा, फुगणं बसू द्या, मग चिमट्याने तुकडा ठेवा. शक्यतो सांध्याच्या खाली, कोळशाच्या ठोकळ्यावर, म्हणजे ज्योतीच्या वाऱ्याने उडत नाही. १ मिमी तारेला अर्ध्या मिलिमीटरचा तुकडा पुरे. खसखशीच्या दाण्याहून मोठा दिसला तर अर्धा करा.

खोली थोडी अंधारी ठेवा. सवागी काचेसारखी स्वच्छ झाली म्हणजे तुम्ही जवळ पोचलात. चांदी मंद लालसर होते आणि सांध्यावर एक चकाकती रेघ सरकन पळते. ती दिसली की ज्योत बाजूला. लगेच. स्टर्लिंगमध्ये ९२.५ टक्के चांदी, उरलेलं बहुतेक तांबं. शुद्ध चांदी ९६२ अंशांच्या जवळ वितळते, स्टर्लिंग मात्र ८०० च्या आसपासच ढिली पडू लागते. हार्ड सोल्डर वाहतं ७७५-७८० च्या आसपास. मधला पट्टा इतकाच. तुमच्या तीन गोळ्या त्या पट्ट्याच्या पलीकडे गेलेल्या.

मण्याचं सोपं आहे: मणी असलेल्या कडीला डाग द्यायचाच नाही. उष्णता वाहून न्यायला चांदीसारखा दुसरा धातू नाही. एवढ्याशा कडीवर काचेचा मणी तडकणार, मोती जळणार. आधी सगळ्या कड्या झाळून (डाग देऊन), धुऊन, घासून घ्या. मणी नंतर तारेत ओवा आणि त्या तारेचा फास झाळलेल्या कडीतून काढून दोन-तीन वेढे देऊन बंद करा. वेढ्याला फट नसते.

मणीमाळ:
फुंकणीवाला दादा, मी आत्ता वितळलेल्या तीन सोडून बाकी सगळ्या कड्या दिव्यासमोर धरून पाहिल्या. आठपैकी दोनच रेघेशिवाय होत्या आणि त्याच दोन जमल्या होत्या! हसू की रडू कळेना.

आता साखळीचं विचारते. एकातएक कड्या घालून शेवटच्या कडीला डाग देताना आधीच्या सुटणार नाहीत का? आणि डागानंतर चांदी काळी पडते, तिचं काय करायचं?

फुंकणीवाला:
साखळीतल्या निम्म्या कड्या आधी सुट्या झाळा. मग दोन झाळलेल्या कड्यांमध्ये एक उघडी घालून तिला डाग द्या, तीन-तीनचे तुकडे होतील. मग ते तुकडे तसेच जोडत जा. दर वेळी आगीसमोर एकच उघडा सांधा, बाकीच्या कड्या खाली लोंबत ठेवायच्या. जुन्या डागांवर खडूची पूड पाण्यात कालवून लावा, सोल्डर तिथे फिरकत नाही. मी एकदा आळस करून सगळी साखळी ठोकळ्यावर गोळा करून ठेवली आणि टॉर्च फिरवला. निघाला तो चांदीचा गड्डा. तो अजून माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे.

काळं पडतं ते तांब्याचं. लाली गेली की पाण्यात टाका, मग लिंबूसत्ताच्या गरम पाण्यात थोडा वेळ. बाहेर काढायला लोखंडी चिमटा वापरू नका, सगळी चांदी गुलाबी होईल. लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या. या पाण्यात मोती चुकूनही जाऊ देऊ नका, आम्ल त्याला खातं.

तारकाम:
एक राहिलं. पोकळ धातूचे मणी असतील आणि त्यांना भोक नसेल तर टॉर्चच्या जवळही नेऊ नका, आतली हवा तापून फुटतात. केस बांधून, चष्मा लावून, खिडकी उघडून काम करा.

मणीमाळ:
आज परत बसले. करवतीने वीस कड्या कापल्या, त्यातच दुपार गेली. नखावरून फिरवून सात परत केल्या. तेरांना डाग दिला, अकरा बसले. ती पळणारी रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा इतकी दचकले की टॉर्चच बंद केला.